नॉयश्वानस्टाइन : बव्हेरियाच्या राजाचें मनोराज्य

मनोराज्य हा शब्द आपण बहुधा थट्टेनें वापरितों. खिडकीबाहेर टक लावून बसलेल्या मुलास गुरुजी विचारितात, "काय रे, कोणतें मनोराज्य चाललें आहे?" आणि सारा वर्ग हंसतो. परंतु एक राजा असा होऊन गेला कीं, त्यानें आपलें मनोराज्य दगड, विटा व लोखंड यांनीं खरोखरच उभें केलें. तें आजही डोळ्यांनीं पाहतां येतें, आणि त्याचा जमाखर्चही लिहिलेला आहे. त्या वास्तूचें नांव नॉयश्वानस्टाइन. परीकथांच्या पुस्तकांत उंच मनोऱ्यांचा व निमुळत्या छपरांचा जो राजवाडा काढलेला असतो, तसाच तो दिसतो. एका स्नेह्यांसमवेत, ऐन हिवाळ्यांत, तो पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या निमित्तानें ती वास्तु, तिचा धनी व ती उभारणारे हात यांची माहिती विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थान पाहूं. जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया हा मोठा प्रांत आहे. त्याची राजधानी म्युनिक. म्युनिकहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत फ्युसेन नांवाचें गांव येतें. येथून ऑस्ट्रियाची सरहद्द अगदीं जवळ आहे, आणि सपाट मुलूख संपून आल्प्स पर्वताच्या भिंती एकदम समोर उभ्या राहतात. फ्युसेनहून थोड्याच अंतरावर होहेनश्वांगाउ हें खेडें असून त्याच्या माथ्यावरील कड्यावर हा राजवाडा आहे. जर्मन भाषेंत 'नॉय' म्हणजे नवा, 'श्वान' म्हणजे हंस व 'स्टाइन' म्हणजे पाषाण. हंस हें त्या प्रदेशांतील जुन्या सरदारांचें चिन्ह होतें. मात्र हें नांव राजाच्या मृत्यूनंतर पडलें. त्याच्या हयातींत या वास्तूस होहेनश्वांगाउचा नवा वाडा असेंच म्हणत.

माझे स्नेही शास्त्र विषयाचे शिक्षक असून वयानें माझ्याहून वडील आहेत. त्यांचे चिरंजीव म्युनिक येथें यंत्रशास्त्राचें शिक्षण घेत आहेत. नाताळच्या सुटींत त्यांना भेटण्यास हे गृहस्थ निघाले, व सोबतीस त्यांनीं मला घेतलें. या प्रवासास निघण्यापूर्वीं त्यांच्या हातीं मुलाचें एक पत्र पडलें होतें. यंत्रशास्त्र सोडून नाटकगृहांतील देखावे रंगविण्याची कला शिकावी, असें मुलाच्या मनांत होतें. स्नेह्यांनीं तें पत्र खिशांत ठेवलें होतें व त्याविषयीं ते फारसें बोलत नव्हते. मुलाची परीक्षा जवळ आल्यामुळें तो म्युनिकलाच राहिला, आणि आम्ही दोघेच फ्युसेनच्या गाडींत बसलों.

आमच्यासारख्या उष्ण देशांतल्या माणसांस हिमवर्षावाची कल्पना चित्रांवरून नीटशी येत नाहीं. पाऊस वाजतो, हिम पडतांना मुळींच आवाज होत नाहीं. शेतें, कुंपणें, घरांचीं छपरें, सर्व एकाच पांढऱ्या पासोडीखालीं निजल्यासारखीं दिसत होतीं. खेड्यापासून वाड्यापर्यंतची चढण सुमारें दीड किलोमीटरची आहे. घोडागाड्या मिळतात, परंतु आम्हीं पायींच जाण्याचें ठरविलें. दोन्ही बाजूंस फर व स्प्रूस यांचीं उंच झाडें होतीं. त्यांच्या फांद्या बर्फाच्या भारानें वांकल्या होत्या, आणि मधूनच एखादी फांदी तो भार टाकून देऊन पुन्हां सरळ होई. तें पाहून स्नेही म्हणाले, "मास्तर, या झाडांचा आकार पाहा. फांद्या खालच्या बाजूस उतरत्या आहेत, म्हणून बर्फ सांचून मोडत नाहींत. वाड्याचीं छपरेंही त्याच कारणासाठीं इतकीं उतरतीं असतील." शास्त्राचा शिक्षक सुटींतही शिकवितच असतो.

वाड्यामागील प्योल्लात नांवाच्या खोल घळीवर एक लोखंडी पूल आहे. राजाच्या आईचें नांव मारी. तिच्याच नांवानें तो ओळखला जातो. घळीच्या तळापासून तो सुमारें ९० मीटर उंच आहे. राजवाड्याचीं जीं प्रसिद्ध छायाचित्रें आपण पाहतों, त्यांतील पुष्कळशीं याच पुलावरून घेतलेलीं असतात. परंतु बर्फानें वाट निसरडी झाली असल्यामुळें त्या दिवशीं पूल बंद होता. हिवाळ्यांत जाणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आम्हांस तो वाडा खालूनच पाहावा लागला. करड्या आकाशाखालीं फिकट रंगाच्या त्या भिंती धुक्यांतून हळूहळू प्रकट झाल्या, तेव्हां आम्ही दोघेही कांहीं वेळ बोललों नाहीं.

आतां या वाड्याच्या धन्याकडे वळूं. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा जन्म २५ ऑगस्ट १८४५ रोजीं झाला. त्याचा पिता मॅक्सिमिलियन यानें होहेनश्वांगाउ येथील एक मोडकळीस आलेला जुना गढीवजा वाडा १८३२ सालीं विकत घेऊन दुरुस्त केला होता. त्याच्या भिंतींवर जुन्या दंतकथांचीं चित्रें काढविलीं होतीं. हंसानें ओढलेल्या नावेंतून येणाऱ्या लोहेनग्रीन या वीराची कथाही त्यांत होती. या चित्रांच्या सहवासांत बाळ लुडविग वाढला. त्याला ठोकळ्यांनीं इमारती रचण्याचा फार नाद होता. त्याचें शिक्षण कडक शिस्तींत झालें; परंतु आईबापांचा निकट सहवास त्याला थोडाच लाभला. १८६१ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यानें रिचर्ड वाग्नर या संगीतकाराचें 'लोहेनग्रीन' हें संगीत नाटक पाहिलें आणि भिंतीवरचा तो हंसवीर त्याच्यापुढें चालूं बोलूं लागला. मार्च १८६४ मध्यें पिता वारला, व अवघ्या अठराव्या वर्षीं हा स्वप्नाळू तरुण गादीवर आला. वाग्नरला बोलावून घेऊन त्याचें कर्ज फेडणें, हें त्याच्या पहिल्या कृत्यांपैकीं एक होय.

दोनच वर्षांनीं, १८६६ सालीं, बव्हेरियानें ऑस्ट्रियाच्या बाजूनें प्रशियाशीं युद्ध केलें व त्यांत पराभव पत्करिला. पुढें १८७१ मध्यें जर्मन साम्राज्य स्थापन झालें, आणि बव्हेरियाचा राजा नांवाचा राजा उरला. मुकुट डोक्यावर, पण मोठे निर्णय दुसऱ्याच्या हातीं, अशी ती स्थिति होती. ज्याला खऱ्या राज्यांत फारसें कांहीं करतां येईना, तो दुसरें एक राज्य स्वतःसाठीं निर्माण करूं लागला. १८६७ सालीं त्यानें जर्मनींतील वार्टबुर्ग व फ्रान्समधील पिएरफों हे दोन जुने किल्ले पाहिले, आणि तसा एक वाडा आपण बांधावा असें त्याच्या मनानें घेतलें.

येथें एक भेद विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावा. आपल्याकडील गड शत्रूपासून रक्षण व्हावें म्हणून बांधले गेले. त्यांचा बुरूज न् बुरूज युद्धाच्या गरजेंतून आला आहे. नॉयश्वानस्टाइनचे बुरूज कोणावरही तोफ डागण्यासाठीं नव्हते. कोनशिला बसली ५ सप्टेंबर १८६९ रोजीं, म्हणजे आगगाड्या व तारायंत्रें यांच्या युगांत. जुन्या काळचा भास व्हावा म्हणून हा किल्ल्यासारखा राजवाडा बांधिला गेला. आणि म्हणूनच त्याचीं पहिलीं चित्रें कोणा सेनापतीनें अथवा शिल्पशास्त्रज्ञानें काढलीं नाहींत. तीं काढलीं क्रिस्तियान यांक नांवाच्या, रंगभूमीचे पडदे रंगविणाऱ्या चित्रकारानें.

आंतून वाडा दाखविणाऱ्या मार्गदर्शक बाईंनीं हें वाक्य सहज सांगितलें व त्या पुढच्या दालनाकडे वळल्या. माझे स्नेही मात्र जागच्या जागीं थांबले. "पडदे रंगविणारा?" त्यांनीं मला हळूच विचारिलें. मी म्हणालों, "होय, पडदे रंगविणारा." त्यांचा हात नकळत खिशाकडे गेल्याचें मीं पाहिलें.

परंतु चित्र म्हणजे इमारत नव्हे. यांकच्या चित्रांवरून एदुआर्ड रीडल या स्थपतीनें नकाशे केले. पुढें गेओर्ग डोलमान व नंतर युलियस होफमान यांनीं तें काम चालविलें. कड्यावर दोन जुन्या गढ्यांचे अवशेष होते. ते पाडून व सुरुंग लावून खडकाचा माथा सुमारें आठ मीटर खालीं आणिला. भिंती विटांच्या असून त्यांवर फिकट चुनखडीच्या दगडाचें आवरण आहे. १८७९ व १८८० या दोन वर्षांतच चार लक्ष विटा, १,५५० टन वालुकाश्म व ४६५ टन साल्झबुर्गचा संगमरवर लागला. हा माल कड्यावर चढविण्यास वाफेच्या शक्तीवर चालणारी यारी होती. पाथरवट, गवंडी व सुतार मिळून कित्येकदां दोनशें ते तीनशें माणसें रोज राबत, आणि राजाला घाई असली कीं रात्रीं दिव्यांच्या उजेडांतही काम चाले. १८७० सालीं या कामगारांसाठीं एक मंडळ निघालें. प्रत्येकानें महिन्यास थोडीशी वर्गणी द्यावी, राजानें त्यांत भर घालावी, व आजारी पडलेल्यास पंधरा आठवड्यांपर्यंत वेतन मिळावें, अशी त्याची व्यवस्था होती. कामावर अपघातानें मेलेल्यांच्या वारसांसही अल्पसें निवृत्तिवेतन मिळे. परीकथेंत राजवाडा एका रात्रींत उभा राहतो. खऱ्या जगांत त्याला सतरा वर्षें लागलीं, माणसें दगावलीं, आणि तरीही तो अपुराच राहिला.

आंतील दालनांपैकीं दोहोंचें वर्णन करितों. पहिलें सिंहासन-मंदिर. हें दोन मजले उंच असून प्राचीन बायझंटाइन ख्रिस्तमंदिरांच्या धर्तीवर आहे. जमिनीवर लहान रंगीत खड्यांनीं वनस्पति व प्राणी काढले आहेत. घुमटावर तारे आहेत. पुढच्या अर्धवर्तुळाकार कोनाड्यांत ख्रिस्ताचें चित्र असून त्याच्या खालच्या बाजूस संतपदास पोंचलेले सहा राजे व दोन्ही अंगांस बारा प्रेषित आहेत. त्याच्या पुढें संगमरवरी पायऱ्या चढत गेल्या आहेत. त्या पायऱ्यांच्या माथ्यावर सिंहासन असावयाचें. पण तेथें कांहींही नाहीं. तें तयार होण्यापूर्वींच राजा मरण पावला. दुसरें गायकांचें दालन. हें वार्टबुर्ग किल्ल्यांतील दालनांवरून सुचलें. ज्या वार्टबुर्गमध्यें मार्टिन लूथरनें १५२१-२२ सालीं नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें, तोच हा किल्ला. या भव्य दालनांत राजाच्या हयातींत एकही जलसा झाला नाहीं. राजाच्या शयनगृहांतील लांकडी कोरीव काम चौदा कारागिरांनीं चार वर्षांहून अधिक काळ केलें, असें सांगतात.

माझ्या स्नेह्यांस मात्र वेगळीच गोष्ट नवलाची वाटली. बाहेरून सातशें वर्षांपूर्वींचा वाटणारा हा वाडा आंतून आपल्या काळाच्याही पुढें होता. तळघरांतील भट्टींत हवा तापवून ती नळांवाटे खोल्याखोल्यांत सोडीत. उष्ण हवा हलकी होऊन वर चढते, या साध्या नियमावर सारी ऊब अवलंबून होती. डोंगरांतील झऱ्याचें पाणी प्रत्येक मजल्यावर खेळविलें होतें. मुदपाकखान्यांत गरम व थंड पाण्याचे नळ होते. चाकरांस बोलाविण्यास विजेच्या घंटा होत्या, आणि दोन मजल्यांवर टेलिफोनही होता. सिंहासन-मंदिराचा भार लपविलेल्या पोलादी सांगाड्यावर आहे. त्यांतील निळे व तांबडे खांब मौल्यवान पाषाणाचे दिसत असले तरी ते गिलाव्याच्या अनुकृती आहेत. "म्हणजे," स्नेही म्हणाले, "स्वप्न चित्रकाराचें, पण तें उभें धरिलें आहे तें यंत्रशास्त्रानें." मी म्हणालों, "दोन्ही खरें आहे. आपण कोणतें वाक्य आधीं म्हणतां, एवढाच प्रश्न."

वरच्या अंगणांतील बर्फ झाडून काढलें होतें. तेथें फरसबंदीवर एका मोठ्या पायाची आकृति दिसते. त्या जागीं सुमारें ९० मीटर उंचीचा मुख्य बुरूज व त्यांत प्रार्थनामंदिर बांधावयाचें होतें. तो बुरूज कधींच उभा राहिला नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, या अर्थाचा शुभवर्तमानांतील दाखला आम्हां दोघांसही एकदम आठवला, आणि तेथेंच आमचा वाद जुंपला.

स्नेह्यांचें म्हणणें असें : मूळ अंदाज ३२ लक्ष मार्कांचा असतां १८८६ पर्यंत सुमारें ६२ लक्ष खर्च झाले. हा एकच वाडा नव्हे. लिंडरहोफ व हेरेनकीमझे हे दुसरे दोन वाडेही त्यानें बांधावयास घेतले. १८८५ सालीं त्याचें एकंदर कर्ज एक कोटि चाळीस लक्ष मार्कांवर गेलें. इतकें करून तो या वाड्यांत राहिला अवघे १७२ दिवस. जो घरचा हिशेब पाहत नाहीं, त्याच्या स्वप्नाचें कौतुक कशासाठीं करावें?

माझें म्हणणें असें कीं, त्यानें हा पैसा सरकारी तिजोरींतून काढिला नाहीं. स्वतःच्या नेमणुकींतून व कर्जें काढून खर्च केला. त्याच्या काळीं अन्य राजे युद्धांवर याहून कितीतरी अधिक पैसा उधळीत होते, आणि त्यांच्या खर्चानें बायका विधवा झाल्या. याच्या खर्चानें त्या गरीब डोंगरी मुलुखांतील पाथरवटांच्या चुली वर्षानुवर्षें पेटल्या. "चुली पेटल्या हें खरें," स्नेह्यांनीं उत्तर दिलें, "पण ज्या सावकारांचा पैसा अडकला, त्यांच्याही घरीं चुली होत्याच." हें बोलणें मला खोडून काढतां आलें नाहीं, आणि आम्ही पायऱ्या उतरूं लागलों.

राजाचा शेवट दुःखाचा झाला. परदेशी पेढ्या जप्तीची भीति घालूं लागल्या तरी तो बांधकाम थांबवीना. तेव्हां मंत्रिमंडळानें चार मनोविकार-वैद्यांकडून त्याच्या वेडेपणाचा अहवाल लिहवून घेतला. या वैद्यांनीं राजाची समक्ष तपासणी केली नव्हती. इतरांच्या जबान्यांवरून त्यांनीं निर्णय दिला. जून १८८६ मध्यें याच वाड्यांत त्याला ताब्यांत घेण्यांत आलें. पहिल्यांदा अधिकारी आले तेव्हां आसपासचे शेतकरी राजाच्या बाजूनें धांवून आले होते. परंतु १२ जूनच्या पहांटे त्याला श्टार्नबर्ग सरोवराकांठच्या बेर्ग वाड्यांत नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं, १३ जून रोजीं सायंकाळीं, तो वैद्य गुड्डेन यांच्यासह फिरावयास गेला, आणि रात्रीं दोघांचेही मृतदेह उथळ पाण्यांत सांपडले. हें कसें घडलें याचा निर्विवाद निर्णय आजवर झालेला नाहीं. मृत्युसमयीं त्याचें वय चाळीस वर्षांचें होतें.

ज्या वाड्यांत परक्याचें पाऊल पडूं नये अशी राजाची इच्छा होती, तो त्याच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनीं, १ ऑगस्ट १८८६ रोजीं, तिकीट लावून सर्वांस खुला करण्यांत आला. बांधकामाचें कर्ज १८९९ पर्यंत फिटलें. दुसऱ्या महायुद्धांत नाझी अधिकाऱ्यांनीं फ्रान्समधील ज्यू कुटुंबें व इतर यांच्यापासून लुटलेल्या कलावस्तु येथें दडविल्या. १९४५ सालीं त्या अमेरिकन सैन्याच्या हातीं लागल्या. त्यांबरोबर नोंदवह्याही सांपडल्यामुळें पुष्कळ वस्तु मूळ धन्यांस परत करणें सुलभ झालें. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत उघडलेल्या डिस्नेलँडमधील परीकथेचा वाडा रचतांना याच वाड्याचा नमुना पुढें होता. देशोदेशींच्या मुलांस ठाऊक असलेली ती आकृति एका एकाकी मुलाच्या ठोकळ्यांतून निघाली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. २०२५ सालीं युनेस्कोनें या राजाच्या नॉयश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखेन व हेरेनकीमझे या वास्तूंचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला.

विद्यार्थीमित्रांनो, या कथेवरून स्वप्नें पाहूं नयेत असा बोध कोणीं घेतल्यास तो चुकीचा होईल. स्वप्न नसतें तर तो कडा आज ओसाड असता. परंतु राजा लुडविगला हिशेब समजावून सांगणारा व त्याच वेळीं त्याच्या स्वप्नाचा आदर करणारा मित्र मिळाला नाहीं, ही त्याची खरी उणीव होती. ज्यांनीं स्तुति केली त्यांनीं हिशेब सांगितला नाहीं. ज्यांनीं हिशेब सांगितला त्यांनीं त्याला न भेटतां वेडा ठरविलें. तुम्हांस कांहीं मोठें करावेंसें वाटत असेल तर चित्रही काढा आणि त्याच्या कडेला बेरीजही मांडा. आणि दोन्ही वडील माणसांस दाखवा.

पालकांस विनंति अशी कीं, मुलगा दाखवावयास आला तर आधीं पाहावें व मग बोलावें. त्या रात्रीं म्युनिकच्या एका लहान खोलींत माझ्या स्नेह्यांनीं खिशांतलें पत्र मेजावर ठेवून मुलास म्हटलें, "तुझ्या चित्रांची वही आण पाहूं." मुलानें ती आणिली. ते पुष्कळ वेळ पानें उलटीत होते. नंतर त्यांनीं एका रंगीत मनोऱ्यावर बोट ठेवून विचारिलें, "याचा भार कशावर आहे?" आणि मुलगा पेन्सिल घेऊन त्यांना समजावूं लागला. तो पुढें कोणता अभ्यास करणार, हें अजून ठरावयाचें आहे.

अभ्यास : (१) युरोपच्या नकाशांत म्युनिक, फ्युसेन व ऑस्ट्रियाची सरहद्द दाखवा. (२) उष्ण हवा वर कां चढते, हें प्रयोगानें सिद्ध करा. (३) मूळ अंदाजापेक्षां वाड्याचा खर्च शेंकडा किती वाढला, तें काढा. (४) लुडविग राजाचा एखादा विश्वासू मित्र असता तर त्यानें १८८५ सालीं त्याला काय लिहिलें असतें, तें पत्र वीस ओळींत लिहा.